पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन

‘पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन.’

हार्बर लाइनवाल्यांनो, ही अनाउन्समेंट तुम्हाला पाठ असेल. मीसुद्धा सात वर्षं रोज सकाळी ऐकतेय. फ्लेमिंगो बघायला शिवडीला उतरून झालं, एकदा मेसेज टाइप करता करता चुकून रे रोडला उतरून झालं, पण मधल्या कॉटन ग्रीनला? कधीच नाही. तिथे उतरण्यासारखं आहे तरी काय? काही नाही, यावर आमच्या डब्यातल्या ग्रुपचं एकमत आहे.

आता हे मी म्हणणं जरा लाजिरवाणंच. कारण मी घाटंजीची. ‘घाटंजी? घाटकोपरच्या पुढे का?’ असं मला पहिल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी एचआरवालीने विचारलं होतं. नाही हो. जिल्हा यवतमाळ. यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर आत, वाघाडी नदीच्या काठी. गावाला रेल्वे नाही. समुद्र सातेकशे किलोमीटरवर. कापूस मात्र विचारू नका! दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापसाच्या पांढऱ्या गंजी लागतात आणि गाड्यांवरून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना महिनोन्‌महिने अडकून राहतो. लहानपणी मला वाटायचं, बाभळीला कापूसच लागतो.

म्हणजे कॉटन आमच्या घरचं, आणि कॉटन ग्रीनला मी सात वर्षांत एकदाही उतरले नव्हते. उतरायला लावलं ते एका फोटोने.

एका रविवारी बाबांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. फोटोचा फोटो, त्यात त्यांच्या अंगठ्याची सावलीही आलेली. माझे आजोबा, म्हणजे आबाजी. धोतर, टोपी, अंगात काळा कोट (तो स्टुडिओचाच असणार, आबाजींकडे कोट कुठला!), एक हात उंच स्टुलावर, चेहरा फाशी जाहीर झाल्यासारखा. आणि मागे चक्क समुद्र! लाटा, दूरवर दीपगृह आणि काळा धूर सोडत निघालेली भलीमोठी आगबोट. फोटोचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पाठोपाठ फोन.

“पाय बरं पोरी, त्या बोटीवर काही नाव दिसते का? तू तर तिकडेच राह्यते.”

बाबांना माहीत होतं की तो रंगवलेला पडदा आहे. तेव्हाच्या स्टुडिओत असे पडदे असायचेच. कुठे महालाचा जिना, कुठे बाग, कुठे समुद्र. आबाजींनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. फोटोच्या मागे पेन्सिलने १९५८ लिहिलंय. कापूस विकून हातात चार पैसे आले तेव्हा यवतमाळच्या एका स्टुडिओत जाऊन काढलेला हा फोटो. मी झूम करकरून बघितलं, बोटीवर नाव नव्हतं. फॅमिली ग्रुपवर टाकला तर वणीच्या मावशीने दहा मिनिटांत तिच्या सासू-सासऱ्यांचा फोटो पाठवला. तीच बोट, तेच दीपगृह! ‘आपले सगळे आजोबा एकाच बोटीने गेलेले दिसतात,’ माझ्या चुलतभावाची कमेंट.

हसलो सगळे. पण डोक्यात एक किडा सोडूनच गेला तो फोटो. आबाजी समुद्रावर गेले नाहीत, पण त्यांच्या वाडवडिलांच्या वावरातला कापूस? तो तर गेलाच असणार. बोटीत बसूनच गेला असणार. मग त्याचा फोटो कुठेतरी असेल की नाही?

झालं. पुढचे कितीतरी वीकेंड मी जुन्या मुंबईच्या फोटोंत घालवले.

मुंबई या बाबतीत नशीबवान शहर. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ मध्ये, आणि १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभीही राहिली. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित फोटोग्राफर, पेशाने डॉक्टर. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या जोडीने १८५६ पासून फोटो चिकटवलेलं मासिक काढलं, विश्वास ठेवा, खरेखुरे फोटो चिकटवलेलं! १८९६ मध्ये राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. पुढे क्लिफ्टन अँड कंपनीसारख्यांची पोस्टकार्डं निघाली, आणि मुंबई आठवडाभरात बोटीने परक्यांच्या दिवाणखान्यात पोचायला लागली. बरं, आठवडाभरात नाही, दोन-तीन आठवड्यांत. मला घाई झाली होती.

हे फोटो बघताना सगळे एकच वाक्य म्हणतात. ‘बघ ना, किती मोकळी होती मुंबई!’ मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. त्या काळी ओल्या रसायनाच्या काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागायचे. इमारत काय, उभीच असते. ती झक्क यायची. एका जागी बसलेला माणूस यायचा. चालणारा माणूस मात्र धुरासारखा पुसट व्हायचा, नाहीतर गायबच. तेव्हा १८६० च्या सुमाराच्या फोटोतला रिकामा रस्ता रिकामा असेलच असं नाही. माणसं कामाला लागलेली होती, एवढंच. बंदराच्या फोटोंत तर हे फारच होतं. जो माल पडून आहे तो स्पष्ट आणि जो तो वाहतोय तो पुसट.

१८६२ सालचं एक चित्र मला आधी सापडलं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापलेलं. फोटो नव्हे, कोरीव चित्र, कारण तेव्हा वर्तमानपत्रांना फोटो छापताच येत नसत. मुंबईच्या रेल्वे टर्मिनसवर, म्हणजे बोरीबंदरला, इंग्लंडला जाण्यासाठी पडलेल्या कापसाच्या गाठी. आज आपण जिथे सव्वानऊला एकमेकांच्या पायांवर पाय देतो त्याच परिसरात! सीएसएमटीची इमारत तेव्हा नव्हती, ती पूर्ण झाली १८८८ मध्ये.

१८६२ हे साल महत्त्वाचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. मग सगळ्यांची नजर मुंबईकडे. कापसाचे भाव असे चढले की शहराला वेडच लागलं. प्रेमचंद रायचंद नावाचा दलाल त्या काळचा शेअर मार्केटचा किंग. समुद्रात भर घालण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. (ओळखीचं वाटतंय का? वाटू दे.) १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या. प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. तिथे सेल्फी काढताना आमच्या वावरालाही थोडं टॅग करा, प्लीज.

आता प्रश्न असा की आमच्या बाजूचा कापूस मुंबईला यायचा कसा? सुरुवातीला यायचाच नाही फारसा! वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला मिर्झापूरला, गंगेच्या काठी जायचा. शेकडो मैल, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. रेल्वे आली आणि कापसाने तोंड फिरवलं. मुंबईहून निघालेली लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मग यवतमाळकडच्या बंड्या धामणगाव स्टेशनाकडे निघायला लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरो गेज आली, ती आपली शकुंतला. आमच्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याला तिच्याबद्दल बोलायला आवडतं. किलिक निक्सन कंपनीची गाडी, ११३ किलोमीटरचा रूळ, मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन, जे १९९४ पर्यंत धूर सोडत होतं. मूर्तिजापूरला माल मोठ्या गाडीत चढवायचा, मग भुसावळ, कसारा घाट आणि मुंबई. आणि बाजारात नाव काय? ‘ऊमरा’. म्हणजे अमरावती! मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत वऱ्हाडच्या कापसाला हेच नाव. घाटंजीच्या वावरातून निघालेली बोंडं यवतमाळला गाठ व्हायची आणि मुंबईत येईपर्यंत अमरावतीची होऊन जायची.

मुंबईत ती गाठ उतरायची कॉटन ग्रीनला. पण हे कॉटन ग्रीन आपल्या लोकलवालं नव्हे. आधी कापूस फोर्टात, टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर पडायचा. ती ‘ग्रीन’. १८४४ मध्ये हा बाजार तिथून उठवून कुलाब्याला नेला, नाव तेच ठेवलं. १९२० च्या दशकात तो शिवडीजवळ समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर आला, नाव पुन्हा तेच. हिरवळ केव्हाच मागे राहिली, नाव मात्र बिऱ्हाडाबरोबर फिरत राहिलं. बाय द वे, माझं ऑफिस आहे ते बॅलार्ड इस्टेटही असंच, अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या भरावावर बांधलेलं. म्हणजे रोज नऊ तास मी बंदराच्या पोटातल्या मातीवरच बसते.

एका शुक्रवारी चोर बाजारात मला कुलाब्याच्या कॉटन ग्रीनचं पोस्टकार्ड मिळालं. आठशे सांगितले, साडेतीनशेत दिलं. गाठींच्या उंच रांगा, पाठमोरे हमाल, आणि पुढे पगडी घातलेले दोन व्यापारी. एकाचे दोन्ही हात छातीपाशी जवळ आणलेले, बोटं हलल्यामुळे पुसट. तो बाही सारखी करतोय असं मला वाटलं. मी कार्ड फ्रिजवर लावलं आणि विसरून गेले.

गेल्या डिसेंबरात बाबा मुंबईला आले. निमित्त डोंबिवलीतलं लग्न. पण खरं कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. पुढच्या हंगामापासून कापूस बंद. सोयाबीन आणि तूर. “वेचाईले माणूस भेटत नाई, अन्‌ भेटलं तर परवडत नाई.” २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने अख्खी पऱ्हाटी पोखरली होती, तेव्हापासून त्यांचं मन उडालंच होतं. आवाज अगदी नेहमीचा, वीजबिल भरलं म्हणून सांगतात तसा. आबाजी, त्यांचे वडील, त्यांच्याही आधीचे कोण कोण... आणि आता बंद. मला काही बोलायला सुचेना. मी उठून फ्रिजवरचं पोस्टकार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा चढवला. गाठींकडे बघितलंच नाही. सरळ त्या पगडीवाल्याच्या हातांवर बोट ठेवलं.

“हा धागा पाहून राहिला.”

“बाही नीट करतोय ना?”

“नाई वो! हे पाय.” बाबांनी हवेतच चिमटीत कापूस धरला, दोन्ही हातांनी हळूहळू ओढला, ओढून तुटलेले तंतू एकावर एक ठेवले, पुन्हा ओढला. “असं करून लांबी पाह्यते. ह्याच्यावरच भाव. यानं दोन बोटं अशी केली का आपलं वर्षं ठरलं.”

मी फोटोतल्या पुसट बोटांकडे बघत राहिले. शंभरेक वर्षांपूर्वीचा भाव ठरत होता त्या बोटांत, कुणाच्या तरी वर्षाचा. ते कळायला कापूस विकायला उभा राहिलेला माणूस लागला. मी इतके वीकेंड नुसती पगडी बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात वर्षांचं ऋण फेडलं. कॉटन ग्रीनला उतरलो. कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून आहे, कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं ऑफिसही तिथेच. बाकी पोर्ट ट्रस्टच्या काळातली गोदामं, ट्रकच्या रांगा, टायरवाले, एक कुत्रा. बाबांनी एका गोदामाच्या गजांतून आत नाक घातलं. “सरकीचा वास येत नाई,” म्हणाले. वॉचमनने काय हवंय विचारलं. बाबांनी त्याला विचारलं, “इथी कापूस यायचा, तुमाले मालूम आहे का?” तो आझमगढचा होता. दोघं पंधरा मिनिटं बोलले. बाबा वऱ्हाडीत, तो भोजपुरीत. उसाला काय भाव आणि कापसाला काय, एवढं मला कळलं.

तिथून डॉक्सकडे गेलो. आत जायची सोय नाही आणि फोटो काढायची तर नाहीच, म्हणून भिंतीबाहेरच. मी फोनवर त्यांना १९४४ च्या स्फोटाचा फोटो दाखवला, गोदीवर उठलेला तो भयानक धूर. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली, त्यात दारूगोळा होता, हे आपल्याला शाळेपासून माहीत. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, बाकी शेकडो माणसं वेगळीच. पण त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि आगीची सुरुवात त्या गाठींच्या तळघरातूनच झाली, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, पाणी मारणं चालू होतं, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. दोन तास होते हातात! विझली कशी नाही?

“गंजी पेटली का वरून पाणी मारून काई होत नाई,” बाबा म्हणाले. “वरचं इझते. आतमंदी धुमसत राह्यते. आपल्या जिनिंगले लागली होती तवा तीन दिवस धूर निघत होता. अन्‌ गाठ तर दाबलेली राह्यते, पाणी आत जाईन कुठून?”

हे मला मुंबईवरच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून दोस्तहो, आपली कळकळीची विनंती. जुन्या बंदराचे फोटो एकट्याने बघू नका. गावाकडे फोन लावा, फोटो पाठवा आणि विचारा, यात काय चाललंय? कोकणातला असाल तर बोटीची शिडं दाखवा काकाला, जुन्नरचे असाल तर बैलगाडीचा साज दाखवा. या शहरात जे उतरलं ते कुठून तरी चढलं होतं, आणि चढवणाऱ्यांची नातवंडंच तर आपल्या ऑफिसांत भरलीयत. घरातले जुने फोटो असतील तर दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, कारण खरा मजकूर बऱ्याचदा मागे असतो. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने. आणि लॅमिनेशन? अजिबात नको! आबाजींचा फोटो लॅमिनेट होण्यापासून मी ऐन वेळी वाचवलाय.

तो फोटो बाबांनी बरोबर आणला होता, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. फोर्टातल्या फोटोच्या दुकानात त्याचा वाळवीने खाल्लेला कोपरा दुरुस्त करायला टाकायचा होता. दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. आजीचं मतदार ओळखपत्र.

“हिचा मोठा करून द्या.”

आजी गेली २००९ मध्ये. तिचा दुसरा फोटोच नाही, हे मला त्या काउंटरपाशी उभं राहिल्यावर कळलं. नातवंडांच्या बारशांत, लग्नांत ती असायची, पण आत, चुलीपाशी. कापूस विकायला यवतमाळला आबाजी जायचे म्हणून त्यांचा फोटो निघाला. आजी सकाळी सहाला ओटी बांधून वेचायला जायची. वावरात कोण कॅमेरा आणतो? कुलाब्याच्या पोस्टकार्डावर तरी ती कशी असणार? तिथपर्यंत फक्त गाठ यायची. सरकारने सगळ्यांना ओळखपत्रं दिली म्हणून निदान नखाएवढा, काळपट, डोळे अर्धे मिटलेला एक चेहरा उरला.

दुकानातला मुलगा विशीतला, कानात हेडफोन. त्याने कार्ड स्कॅन केलं, स्क्रीनवर आजीचा चेहरा एकदम मोठा झाला. मी दुसरीकडे बघितलं. त्याने सफाईने मागची पट्टी कापली, डाग पुसले, आणि मग सवयीने विचारलं, “अंकल, बॅकग्राउंड काय टाकू? ब्लू टाकू? गार्डन आहे, मंदिर आहे, गुलाब आहेत...”

बाबांनी आबाजींचा फोटो त्याच्यापुढे सरकवला.

“हे लावता येते का? ही बोट?”

त्याने एक हेडफोन काढला, फोटो उजेडात धरून बघितला. “येईल की. पण आधी मधून अंकलना काढावं लागेल, त्यांच्यामागची बोट भरावी लागेल. एक्स्ट्रा लागतील.”

“किती?”

“तीनशे.”

बाबांनी अडीचशेत ठरवलं. गुरुवारी मिळणार होता.